चढावर थांबलेली सायकल

दोन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात, एका रविवारी सकाळी, येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर माझी सायकल एकाएकी थांबली. सायकल थांबली म्हणजे माझे पाय थांबले असे नव्हे. तिच्या पायडलांच्या मधोमध बसविलेली विजेची मोटार थांबली आणि हँडलवरील काचेतील आकडे विझले. उतरून पाहतो तो क्षणभराने आकडे पुन्हा उजळले. वळण घेऊन सपाटीवर आलो तर मोटार जणू काही घडलेच नाही अशा थाटात चालू लागली. चढ आला की पुन्हा अंधार! बेळगावचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना माझी त्या दिवशीची अवस्था निराळी सांगावयास नको.

सांगावयास हवे ते हे की ही सायकल माझ्यासाठी चैनीची वस्तू नव्हती. माझी शाळा घरापासून नऊ किलोमीटरांवर आहे. चाळिशी ओलांडल्यावर उजव्या गुडघ्याने तक्रार सुरू केली, आणि डॉक्टरांनी चढावर जोर देण्याची मनाई केली. सायकल सोडणे जिवावर आले होते. म्हणून साठविलेल्या पैशांतून जुन्या गिअरच्या सायकलीवर बसविता येईल असा पाव किलोवॉटच्या वर्गातील एक मोटारसंच मी घेतला. वास्तविक तो मला वडिलांच्या काळ्या सायकलीवर बसवावयाचा होता. पण पायडलाचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, जिला दुकानदार ‘बी.बी.’ म्हणतात, ती नळी त्या जुन्या सायकलीत वेगळ्या मापाची निघाली. संच घेण्याचा विचार असलेल्यांनी आधी ही नळी मोजावी. ६८ किंवा ७३ मिलिमीटर हे या संचांना मानवणारे नेहमीचे माप होय.

आता ही मोटार कोणत्या जातीची, ते थोडक्यात सांगतो. विजेच्या सायकलींत सामान्यतः दोन प्रकार आढळतात. एका प्रकारात मोटार चाकाच्या तुंब्यातच असते आणि ती सरळ चाक फिरविते. दुसऱ्यात ती पायडलापाशी असते आणि चेनव्हील फिरविते. म्हणजे तिचा जोर आपल्या पायांच्या जोरासारखाच साखळीतून आणि मागील गिअरांतून चाकापर्यंत जातो. जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली अशी सायकल प्रथम बाजारात आणली. या दुसऱ्या प्रकाराचा सारा गुण आणि सारा दोष या एकाच गोष्टीत सामावलेला आहे. गिअर आपले काम करीत असल्यामुळे लहानशी मोटारही अवघड घाट चढते. परंतु गिअर कोणता लावावयाचा हे मोटारीला कळत नाही. ते स्वारालाच कळावे लागते. हे मला फार उशिरा कळले, आणि तीच माझ्या आजच्या बोलण्याची मुख्य गोष्ट आहे.

असो. ज्या परगावच्या दुकानातून संच घेतला होता तेथे मी मोटार घेऊन गेलो. दुकानदाराने ती हातात धरून हलविली, कानाशी नेली आणि निदान केले, “वेटोळे कमजोर झाले आहे, साहेब. नवी घ्या. २८,००० रुपये.” त्याने एकही माप घेतले नाही, एकही तार तपासली नाही. मी पेटीसारखा तो जड ऐवज पिशवीत घालून एस.टी.ने परत आलो, आणि आता बसचा पास काढावा हे जवळजवळ ठरविले.

मार्ग दाखविला तो माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. हा मुलगा नववीत असताना शेवटच्या बाकावर बसे. आज तो उद्यमबागेतील एका कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती करतो. मी पेचकस घेऊन मोटारीचे झाकण उघडावयास बसलो होतो. तो म्हणाला, “सर, आत्ताच कशाला उघडताय? आधी बाहेरचं बघू. आतलं शेवटी.” मी म्हटले, “अरे, दुकानदार म्हणतो वेटोळं गेलं.” त्यावर तो हसून म्हणाला, “वेटोळं गेलं असतं तर सपाटीवर तरी कशी चालली असती, सर?” हा प्रश्न वस्तुतः मी त्याला विचारावयास हवा होता.

मोटार पुन्हा सायकलीवर चढविली. मग त्याने एक लहानसा मल्टिमीटर रबराने हँडलला बांधला आणि त्याच्या तारा बॅटरीच्या टोकांशी जोडून मला रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या चढावर पाठविले. पहिल्या फेरीत बॅटरीच्या टोकांवर चढावरही ३७ व्होल्टचा दाब टिकून होता. दुसऱ्या फेरीत तारा बॅटरीच्या बैठकीपलीकडे, म्हणजे मोटारीच्या बाजूस जोडल्या. सपाटीवर ३५, चढ लागताच काटा झरझर खाली येऊन तिसाच्याही खाली गेला, आणि हँडलवरील आकडे विझले. चोर सापडला होता. बॅटरी ज्या बैठकीत सरकवून बसवितात तेथील पितळी पाते पावसाच्या पाण्याने गंजून काळे पडले होते व त्याभोवतीचे प्लॅस्टिक वितळले होते.

श्रोतेहो, शाळेच्या पुस्तकात ओहमचा नियम आहे. मी तो कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. त्या गंजलेल्या सांध्याचा रोध अवघा अर्धा ओहम धरा. सपाटीवर मोटार ४ अँपियर वीज घेते, तेव्हा त्या सांध्यात २ व्होल्ट वाया जातात. कोणाच्या लक्षातही येत नाही. चढावर तीच मोटार १५ अँपियर ओढते; मग साडेसात व्होल्ट वाया जातात. ३७ मधून साडेसात गेले, उरले साडेएकोणतीस. बॅटरीचे रक्षण व्हावे म्हणून माझ्या मोटारीचा नियंत्रक, ज्याला कंट्रोलर म्हणतात, तो ३१ व्होल्टांखाली वीज तोडतो. त्याने आपले कर्तव्य केले. आणि त्या अर्ध्या ओहमच्या सांध्यात चढावर शंभर वॉटहून अधिक उष्णता निर्माण होत होती. प्लॅस्टिक वितळले यात नवल ते काय? नवे पाते, थोडी डाख आणि चहा मिळून खर्च दीडशे रुपयांच्या आत आला.

तेव्हापासून अनेक जण आपल्या रुसलेल्या सायकली घेऊन माझ्या दारी येतात. बहुतेकांचे दुखणे बाहेरचेच असते. हँडलवर आकडे दिसतात, कोणतीही खूण नाही, परंतु मोटार ढिम्म. अशा वेळी पहिला संशय ब्रेकवर घ्यावा. ब्रेकच्या मुठीत एक छोटी कळ असते. मूठ दाबली की मोटार बंद व्हावी, अशी ती योजना आहे. मूठ गंजामुळे पुरती मागे आली नाही तर मोटारीला सदैव ब्रेक दाबलेलाच वाटतो. त्या कळेची तार क्षणभर सोडवून पाहिली की शंका फिटते. मात्र तपासणी झाल्यावर ती पुन्हा जोडण्यास विसरू नये.

दुसरे ठिकाण मागील चाकाचे. तेथे एका आऱ्यावर लहानसे लोहचुंबक बसविलेले असते आणि समोर साखळीकडच्या दांड्यावर वेग मोजणारा सेन्सर असतो. दोघांत काही मिलिमीटरांचेच अंतर असावे लागते. झाडलोट करताना, सायकल रेलून ठेवताना, किंवा पोरांच्या हातून चुंबक जरासे सरकले की मोटार काही सेकंद चालून थांबते. बाफांग या चिनी बनावटीच्या संचांत अशा वेळी २१ हा आकडा दिसतो. ३० दिसला तर तारांतील निरोप पोहोचत नाही असे समजावे, आणि ८ दिसला तर मोटारीतील हॉल सेन्सरची खूण. शेवटची तेवढी काळजीची बाब. २१ आणि ३० बहुधा एखाद्या ओल्या किंवा वाकड्या जोडणीपाशी येऊन संपतात. या गोल जोडण्यांवर बाणाची खूण असते. बाणाशी बाण जुळवून सरळ दाबावे, आणि सोडविताना सरळ ओढावे. पिळून ओढणाऱ्यांनी आतील केसासारख्या पिना वाकविल्याची उदाहरणे मी इतकी पाहिली आहेत की, आता कोणी तक्रार घेऊन आला की मी आधी त्याचे हात पाहतो.

आवाजाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आवाजाने माणूस फार घाबरतो. आवाज आला की लगेच मोटार उघडू नये. आधी त्याचा ताल मोजावा. पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक्’ होत असेल तर दोष पायडलात किंवा त्याच्या दांड्यात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा होत असेल तर चाकात किंवा टायरमध्ये. मोटार बंद करून नुसत्या पायांनी चालविल्यावर आवाज गेला तरच मोटारीकडे वळावे. आणि तेथेही प्रथम तिची बाहेरची पकड पाहावी. मोटार चेनव्हीलला पुढे ढकलते तेव्हा तिचे स्वतःचे अंग उलट्या दिशेने फिरू पाहते. तिला रोखून धरते ती बी.बी.च्या डाव्या बाजूची मोठी चाकी आणि दोन बोल्ट. नव्या संचात ही चाकी पहिल्या शंभर किलोमीटरांत हमखास सैल होते. ती पुन्हा आवळण्यासाठी लागणारा खास पाना संचाबरोबरच मागून घ्यावा. मोटार गुणगुणते आहे, पण साखळीला ओढ लागत नाही, असे असेल तरच आतील दात झडले किंवा आतील एकदिशा क्लच निकामी झाला, हे अनुमान करावे.

येथवर माझी गोष्ट ऐकून आपण मला शहाणा समजत असाल, तर तो गैरसमज दूर करणे माझे कर्तव्य आहे.

पाते बदलल्यावर सायकल पूर्ववत धावू लागली, आणि मला हाव सुटली. या मोटारींचा कंट्रोलर एका तारेने संगणकाला जोडून त्याच्यातील आकडे बदलता येतात. मी १५ अँपियरची मर्यादा २० केली. काय तो वेग! राजहंसगडाचा चढ मी गिअर न बदलता, मोठ्या गिअरवरच, पायांवर फारसा भार न घेता चढलो आणि वर जाऊन स्वतःवरच खूश झालो. सहाव्या आठवड्यात त्याच चढावर मोटारीच्या अंगाला हात लावला तो चटका बसला. आणि त्यानंतरच्या रविवारी कंट्रोलर कायमचा गेला. या खेपेस काळे पडलेले पाते नव्हते. हा दोष कोणा दुकानदाराचा नव्हता, कारखान्याचा नव्हता, पावसाचाही नव्हता.

काय झाले ते पाहा. मोटारीच्या आतील चक्र पायडलाच्या एका फेऱ्यात सुमारे २२ वेळा फिरते, अशी एका सर्रास मिळणाऱ्या संचाची रचना आहे. पायडल मिनिटाला ऐंशी वेळा फिरले तर आतील चक्र साडेसतराशे फेरे घेते आणि तेथे मोटार सुखात असते. मिळालेल्या विजेतील ऐंशी टक्क्यांपर्यंत वीज कामास लागते. तीच मोटार मोठ्या गिअरवर, चढावर, रखडत चालविली तर निम्मी वीज कामास लागते, उरलेली उष्णता होते. ३६ व्होल्ट आणि १५ अँपियर म्हणजे ५४० वॉट; त्यातले निम्मे २७०. पूर्वीच्या शंभर वॉटच्या दिव्याजवळ बोट नेल्याचे आपणांस आठवत असेल. असे अडीच-पावणेतीन दिवे नारळाएवढ्या बंद डब्यात पेटविल्यासारखे ते आहे. त्यातच मी अँपियर वाढविले. तारेतील उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ चे २० केले, म्हणजे प्रवाह चार तृतीयांश झाला. उष्णता झाली सोळा भागिले नऊ, जवळजवळ पावणेदोन पट.

आणि कायद्याचे काय? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ज्या सायकलीच्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॉटहून कमी असते, आणि जिची मोटार ताशी २५ किलोमीटरला किंवा पाय थांबताच मदत बंद करते, ती मोटार वाहन ठरत नाही. तिला नोंदणी नको, परवाना नको. ती मर्यादा ओलांडली की सायकल ही सायकल राहत नाही. संगणकावर एक आकडा बदलताना मी हा विचार केला नव्हता. मुलांना नागरिकशास्त्रही मीच शिकवितो, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्याने बोलून दाखविली नाही, हा त्याचा चांगुलपणा.

कंट्रोलर हा या मोटारींत वेगळा बदलता येतो, एवढे माझे दैव थोर. तो काढला, नवा मागविला, आणि त्याच्या पाठीला उष्णता वाहून नेणारा लेप लावून घट्ट बसविला. मोटार या निमित्ताने उघडलीच होती, तेव्हा आतील नायलॉनचे दंतचक्र पाहिले. दात शाबूत होते. परंतु कारखान्यातील ग्रीस फेऱ्यांच्या झपाट्याने बाजूला फेकले जाऊन भिंतींवर सुकून बसले होते आणि दात कोरडे पडले होते. ते पुसून, नायलॉनला मानवेल असे ग्रीस फक्त दातांपुरते लावले. सढळ हाताने भरल्यास ते तारेच्या वेटोळ्यांवर आणि सेन्सरवर जाते, हे ध्यानात ठेवावे.

पुष्कळ जण मला विचारतात, “सर, नायलॉनच्या जागी धातूचं चक्र का बसवीत नाही?” काही मोटारींसाठी असे चक्र मिळतेही. टोंगशेंग कंपनीच्या ‘टीएसडीझेड-२’ या मोटारीतील निळे नायलॉनचे चक्र काढून पितळी बसविणारे जगभर आहेत. पायांचा पीळ मोजणारी ही मोटार हौशी कारागिरांची फार लाडकी आहे, आणि तिच्या कंट्रोलरसाठी हौशी मंडळींनी स्वतः आज्ञावली लिहून सर्वांस खुली केली आहे. ज्यांचे चक्र खरोखर झडले आहे त्यांनी पितळी अवश्य बसवावे. पण त्याने आवाज वाढतो. आणि नायलॉनचे दात झडतात ते बहुधा अति उष्णतेने मऊ पडल्यावर. उष्णता तशीच ठेवून दात तेवढे पितळेचे केले, तर पुढील घाव त्याहून महाग भागावर पडेल. माझे चक्र मी नायलॉनचेच ठेवले आहे.

मग सुधारणा केली ती कोठे? दातांतच, पण मोटारीच्या बाहेर. माझ्या चेनव्हीलला ४६ दात होते आणि मागील सर्वांत मोठ्या चकतीला २८. प्रमाण १.६४. चेनव्हील ४२ दातांचे घेतले, मागे ३४ दातांची चकती असलेला संच घातला. प्रमाण झाले १.२४, म्हणजे पूर्वीच्या पाऊणपट. त्याच चढावर, त्याच वेगाने, मोटारीला आता पाऊणच पीळ द्यावा लागतो. पीळ पाऊण, म्हणून प्रवाह पाऊण, म्हणून तारेतील उष्णता नऊ भागिले सोळा, छप्पन टक्के. पूर्वी मी जो अपूर्णांक वर चढविला होता, नेमका तोच आता उलटा होऊन माझ्या बाजूने उभा राहिला. ताशी साडेबारा किलोमीटर वेगाला पूर्वी पायडल मिनिटाला साठ फेरे घेत असे, आता ऐंशी घेते. म्हणजे मोटारीला जी गती हवी तीच. गुडघ्यालाही हलक्या भाराचे अधिक फेरे मानवतात, असे डॉक्टर म्हणाले.

अडचण आली ती एकच. माझे नवे चेनव्हील खोलगट होते. त्यामुळे माझी साखळी जरा जास्तच आत ओढली गेली आणि लहान चकतीवर जाताना उतरू लागली. उद्यमबागेतील लेथवर दोन मिलिमीटर जाडीची एक गोल चकती कातून घेतली आणि ती मोटार व बी.बी. यांच्यामध्ये बसविली. कारागिराने पैसे घेतले नाहीत; त्याच्या मुलीचे गणित मी पाहावे, एवढेच म्हणाला.

साखळीविषयी सांगावयाचे राहिले. या सायकलीत माणूस आणि मोटार, दोघांचा जोर तिच्यावरून जातो, त्यामुळे ती लवकर ताणते. मोजपट्टी घेऊन बारा पूर्ण कड्या मोजाव्या. नव्या साखळीत त्या बरोबर १२ इंच भरतात. त्यात इंचाचा सोळावा भाग वाढला की साखळी बदलावी. आठवा भाग वाढेपर्यंत वाट पाहिल्यास ती मागील चकत्यांचे दातही खाऊन बसते. गिअर बदलताना क्षणभर पाय हलके करून मोटारीचा जोर सुटू द्यावा. बॅटरीची पेटी मात्र घरी उघडू नये. ३६ व्होल्टच्या संचाला ४८ व्होल्टची बॅटरी जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

त्या गोष्टीला आता दीड वर्ष झाले. १५ अँपियरची मर्यादा पुन्हा पूर्ववत आहे. गडाचा चढ मी सर्वांत लहान गिअरवर चढतो, शाळेतील मुले दुचाकीवरून मागून येऊन, “सर, पुढे जाऊ का?” असे विचारतात आणि पुढे जातात. वर पोहोचल्यावर मी मोटारीला तळहात लावून पाहतो. ती कोमट असते. गेल्या पंधरवड्यापासून मात्र, मोटार चालू असतानाच, एक बारीक घरघर ऐकू येते. पायडल घट्ट आहे, चाकी आवळून झाली, साखळी नवी आहे. म्हणजे आतील छर्ऱ्यांचे बेअरिंग असावे. ते मागविले आहे. आमचा तो शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी रविवारी येतो म्हणाला आहे, तेव्हा उघडून पाहू.